डॉ. कमला सोहोनी : जीवनसत्त्वांचा शोध ताटात घेणारी विदुषी

शिरूरची बाजारपेठ असो की दौंडच्या रेल्वे स्थानकाबाहेरचा रस्ता, औषधांच्या दुकानाच्या दर्शनी फळीवर हल्ली बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या बाटल्या हमखास मांडलेल्या असतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्यांनी काम करणारे कामगार, पुण्याला रोज ये-जा करणारे नोकरदार, परीक्षेला बसलेली मुले, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणारे आजी-आजोबा अशा सर्वांसाठी त्यांत काही ना काही असते. थकवा आला, की गोळी; केस गळू लागले, की गोळी; आणि काहीच झाले नसले, तरी काही होऊ नये म्हणून गोळी. जी वस्तू एकेकाळी केवळ रोग्याच्या उशाशी दिसे, ती आता निरोगी माणसाच्या न्याहारीच्या टेबलावर येऊन बसली आहे.

या गोळीची गरज खरोखर कोणाला आहे, किती आहे, आणि तिच्यातले जे काही आहे ते रोजच्या जेवणातून मिळणार नाही काय, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी, की हेच प्रश्न घेऊन एका मराठी स्त्रीने आपले सारे आयुष्य प्रयोगशाळेत वेचले. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ती शिकली, आणि ती विद्या तिने नीरा, वाल, गूळ आणि दूध अशा अगदी घरगुती पदार्थांवर चालवली. तिचे नाव डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या त्या भागवत. ज्येष्ठ लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. दुर्गाबाईंचे नाव मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. कमलाबाईंचे मात्र विज्ञानाच्या वर्तुळातच बराच काळ राहिले.

रसायनशास्त्राचे घराणे

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत या दोघा भावांची गणना होते. घरात ग्रंथ होते, प्रयोगांच्या गोष्टी होत्या, आणि मुलींनी शिकावे की नाही हा प्रश्नच नव्हता. थोरल्या बहिणीने संस्कृतीच्या अभ्यासाची वाट धरली, धाकटीने वडिलांची. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी त्यांनी मिळवली. रसायनशास्त्र हा मुख्य विषय, पदार्थविज्ञान हा दुय्यम. आणि गुणवत्ता यादीत नाव अग्रस्थानी. पुढचे पाऊल ठरलेलेच होते. जेथे वडील आणि काका शिकले, त्या बंगळूरच्या संस्थेत जाऊन संशोधन करायचे.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले होते आणि त्यांच्या शब्दाला देशभर वजन होते. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री आहे एवढेच कारण होते. स्त्रियांच्या अंगी संशोधनाची योग्यता असते यावर त्यांचा विश्वास नव्हता. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली. तिचाही उपयोग झाला नाही.

बावीस वर्षांची ही मुलगी मग स्वतः बंगळूरला जाऊन संचालकांसमोर उभी राहिली. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे वारे होते आणि तिच्या मनावरही त्याचा ठसा होता. नकाराचे कारण कळल्याखेरीज हलायचे नाही असा निर्धार करून तिने संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह मांडला. अखेर रामन यांना तिला आत घ्यावे लागले. पण प्रवेश सरळ मिळाला नाही. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. तिच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती. संचालकांचे समाधान झाले, तरच तिच्या कामाला मान्यता मिळणार होती.

कमलाबाईंनी या अटी मान्य केल्या, पण त्यांतला अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. पुढे अनेक दशकांनी, स्वतः मान्यवर शास्त्रज्ञ झाल्यावर, महिला वैज्ञानिकांच्या मेळाव्यात त्यांनी हा प्रसंग उघडपणे सांगितला. थोर शास्त्रज्ञाचा मोठेपणा मान्य करूनही त्याच्या मनाचा हा कोपरा संकुचित होता, हे त्यांनी लपवले नाही.

दूध आणि डाळी

बंगळूरला त्यांना श्रीनिवासय्या नावाचे चांगले गुरू लाभले. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. विषयाची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. बहुसंख्य भारतीयांचे पोषण ज्या पदार्थांवर चालते, त्यांच्या अंतरंगात काय दडले आहे याविषयी त्या काळी फारच थोडी नेमकी माहिती उपलब्ध होती. गरिबाच्या ताटातील वरण आणि उसळ हा रसायनशास्त्राचा विषय होऊ शकतो, हेच अनेकांना नवे होते.

वर्षभरात रामन यांचे मत बदलले. कमलाबाईंच्या कामावर ते इतके प्रसन्न झाले, की त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळालीच, शिवाय संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३६ साली कमलाबाईंनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. एका मुलीने सोसलेल्या परीक्षेचा लाभ तिच्या मागून येणाऱ्या अनेकींना झाला.

हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे होते. आज आपण जीवनसत्त्व हा शब्द जितक्या सहजतेने उच्चारतो, त्या सहजतेमागे ज्या थोड्या माणसांचे परिश्रम आहेत, त्यांत हॉपकिन्स यांचे स्थान फार वरचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत असा समज होता, की प्रथिने, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि पाणी एवढे मिळाले की शरीराचे भागते. डच वैद्य क्रिस्तियान आइकमान यांना जावा बेटावर कोंबड्यांचे निरीक्षण करताना दिसले, की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या माणसांना होणाऱ्या रोगाशी या लक्षणांचे साम्य होते. हॉपकिन्स यांनी उंदरांना शुद्ध केलेली प्रथिने, पिष्ट, स्निग्ध पदार्थ आणि क्षार भरपूर दिले; तरी त्यांची वाढ थांबली. त्याच आहारात रोज थोडेसे दूध घालताच ती पुन्हा सुरू झाली. दुधाचे प्रमाण इतके अल्प होते, की त्यातून मिळणाऱ्या उष्मांकांनी हा फरक पडणे शक्य नव्हते. दुधात आणखी काही तरी होते. १९१२ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कासिमिर फंक यांनी अशा द्रव्यांना नाव सुचवले, आणि तेच पुढे थोड्या फरकाने व्हिटॅमिन म्हणून रूढ झाले. १९२९ साली आइकमान आणि हॉपकिन्स यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ज्या घरात ही क्रांती घडली, त्या घरात कमलाबाई दाखल झाल्या. प्रथम डॉ. डेरेक रिक्टर यांच्याकडे, आणि ते अन्यत्र गेल्यावर डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी काम केले. हिल यांचा विषय वनस्पतींच्या पेशी हा होता. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना असे आढळले, की वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत सायटोक्रोम सी हे द्रव्य असते. पेशींच्या श्वसनात, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी करण्याच्या क्रियेत, त्याचा मोठा वाटा असतो. प्राण्यांच्या पेशींत ते असते हे ठाऊक होते. वनस्पतींतही तेच द्रव्य तेच काम करते, हे कळल्याने सजीवसृष्टीच्या एकतेचा एक नवा पुरावा हाती आला.

अवघ्या चौदा महिन्यांत त्यांचा प्रबंध तयार झाला. त्याची लांबी होती केवळ चाळीस पाने. जाडजूड प्रबंधांच्या जगात ही अपूर्वाईच. १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. ब्रिटिश विद्यापीठातून विज्ञानातील ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात.

दिल्ली, कुन्नूर, मुंबई

परदेशात राहण्याची संधी त्यांना होती, पण १९३९ साली त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काही काळ काम केले. त्यानंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या. तेथे जीवनसत्त्वांचे शरीरावर होणारे परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

कुन्नूरच्या या प्रयोगशाळेचे भारतीय आहारशास्त्रातील स्थान अनन्यसाधारण आहे. सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी तिचा पाया घातला. लूसी विल्स या इंग्रज स्त्री-वैद्यकाच्या संशोधनाचा काही भाग तेथेच झाला होता. विल्स १९२८ साली मुंबईत आल्या होत्या, त्या गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील रक्तक्षयाचे कारण शोधण्यासाठी. यीस्टचा अर्क दिल्याने या स्त्रिया बऱ्या होतात असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल हे नंतर कळले, आणि १९४५ साली यल्लाप्रगड सुब्बाराव या आंध्र प्रदेशातील शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. आज गावोगावच्या आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांना लोहासह जी गोळी मिळते, तिची जन्मकथा अशी मुंबईच्या गिरणगावातून सुरू होते. गोळी कशासाठी असते याचे हे उत्तम उदाहरण होय. उणीव आधी सापडली; गोळी नंतर आली.

१९४७ साली कमलाबाईंचा विवाह माधवराव सोहोनी यांच्याशी झाला. माधवराव विमागणितज्ञ होते. संसारासाठी मुंबईला येणे झाले, आणि तेथील विज्ञान संस्थेत नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापक झाल्या. पुढची अनेक वर्षे हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

वालाच्या उसळीतले रहस्य

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्यांचा अभ्यास पुन्हा हाती घेतला. आपल्याकडे वाल, पावटे, मटकी, हरभरे यांची ख्याती पौष्टिक म्हणून आहे, आणि पचायला जड म्हणूनही आहे. हा जडपणा नेमका कशामुळे येतो? कच्च्या कडधान्यात अशी द्रव्ये असतात, की जी पोटातील प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराचे काम अडवून धरतात. १९५५ साली कमलाबाई आणि त्यांचे सहकारी आंबे यांनी वाल आणि डबल बी यांतून ही अडसर द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी केल्याचे वृत्त नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या द्रव्यांपैकी बरीचशी नीट शिजवल्याने नष्ट होतात. भिजवणे आणि मोड आणणे यांनीही कडधान्याचे रूप पालटते. मोड येताना क जीवनसत्त्व तयार होते आणि लोहाला अडकवून ठेवणाऱ्या फायटेटचे प्रमाण घटते. आदल्या रात्री कडधान्य भिजत घालून, फडक्यात बांधून, मोड आल्यावर उसळ करण्याची घरोघरची रीत प्रयोगशाळेच्या कसोटीलाही उतरते. परंपरेतील सारेच शहाणपणाचे असते असा याचा अर्थ नाही. कसोटी लावून पाहावी आणि टिकेल ते घ्यावे, ही विज्ञानाची रीत.

नीरेचे पेय

त्यांचे सर्वांत गाजलेले काम मात्र नीरेवरचे. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी हा विषय सुचवला होता. ताड, शिंदी किंवा नारळ यांच्या झाडातून पाझरणारा गोड रस म्हणजे नीरा. सूर्य वर आला, की तो आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. म्हणून तो भल्या पहाटे उतरवावा लागतो आणि थंड ठेवावा लागतो. दारूबंदीच्या काळात ताडीचा व्यवसाय बसला, तेव्हा झाडांवर पोट असलेल्या लोकांना नीरेचा आधार देता येईल काय, असा एक सामाजिक प्रश्नही त्यामागे होता.

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेचे पृथक्करण केले. तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे त्यांना आढळले. ही द्रव्ये नीरेपासून केलेल्या ताडगुळात आणि काकवीतही टिकून राहतात, असेही दिसले. पण कागदावरच्या आकड्यांनी त्यांचे समाधान झाले नाही. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

आजच्या भाषेत सांगायचे, तर हा पूरक पोषणाचाच प्रयोग होता. फरक इतकाच, की येथे पूरक पदार्थ कारखान्यातून आलेला नव्हता. ज्याला तो हवा होता त्याच्या पाड्याशेजारच्या झाडावरून आला होता. तो स्वस्त होता, परिचित होता आणि स्थानिक माणसाला रोजगार देणारा होता. त्याच वेळी हेही विसरता कामा नये, की तो कुपोषितांना दिलेला होता. ज्यांच्या शरीरात उणीव होती, त्यांनाच त्याचा गुण आला. भरल्या पोटी, भरल्या अंगाच्या माणसाला तोच गुण येईल, असा दावा कमलाबाईंनी केला नाही.

संचालकपद आणि ग्राहकांची बाजू

विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यायला हवे होते तेव्हा आले नाही. अंतर्गत राजकारणामुळे ते चार वर्षे लांबले. अखेर त्या संचालक झाल्या, तेव्हा केंब्रिजच्या त्यांच्या पहिल्या मार्गदर्शकांनी, रिक्टर यांनी, इतक्या मोठ्या विज्ञान संस्थेची धुरा एका स्त्रीकडे येणे ही इतिहासात नोंद व्हावी अशी घटना मानली. बंगळूरच्या दारात थांबवल्या गेलेल्या मुलीने एका मोठ्या संस्थेची किल्ली हाती घेतली होती. आरे दूध प्रकल्पालाही त्यांच्या ज्ञानाचा लाभ झाला. दूध नासू नये आणि त्याचा दर्जा टिकावा यासाठी त्यांनी सल्ला दिला.

निवृत्ती आली, तरी त्यांची लेखणी आणि जिज्ञासा निवृत्त झाली नाही. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था स्थापन केली. कमलाबाई तिच्या कार्याशी निगडित होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. कीमत या संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. मराठीत आहाराविषयी लिहून त्यांनी आपले ज्ञान सामान्य गृहिणीपर्यंत नेले. प्रयोगशाळेत शिकलेली नेमकेपणाची सवय त्यांनी बाजारात आणली. वस्तूवर काय लिहिले आहे, तिच्यात प्रत्यक्ष काय आहे आणि तिची किंमत कशासाठी मोजायची, हे ग्राहकाने विचारलेच पाहिजे, ही त्या चळवळीची शिकवण होती.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. उशिरा का होईना, देशाने घेतलेली ही दखल होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर अल्पावधीतच त्यांचे निधन झाले.

शिरूरच्या गावांतील धडा

कमलाबाईंनी विचारलेला प्रश्न त्यांच्यानंतरही जिवंत राहिला, आणि त्याचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातच शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे ग्रामीण काम शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकच्या परिसरात चालते. या केंद्राने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांच्या गरोदरपणातील आहाराचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या माताभगिनींच्या ताटात जे होते, त्याची त्यांच्या बाळांच्या वजनाशी तुलना करण्यात आली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक सुदृढ होती. एकूण उष्मांकांपेक्षा अन्नाचा दर्जा महत्त्वाचा ठरला. हॉपकिन्स यांच्या उंदरांना थोड्याशा दुधाने जे शिकवले, तेच येथे माणसांच्या बाबतीत दिसत होते.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच ते मिळते. शाकाहारी आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या घरांत ते कमी पडते. २००८ साली संशोधकांनी दाखवले, की ज्या मातांत ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. पुढे २०१२ साली या मुलामुलींना वयात येताना ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देऊन पाहण्याचा प्रयोगही हाती घेण्यात आला. एक जीवनसत्त्व भरपूर आणि त्याचे जोडीदार जीवनसत्त्व कमी, ही स्थिती निरुपद्रवी असेलच असे नाही, हा या अभ्यासाचा धडा आहे. जीवनसत्त्वे एकेकटी काम करत नाहीत.

रोजच्या गोळीचा हिशेब

मग बहुजीवनसत्त्वांची गोळी घ्यावी की नाही? उत्तर व्यक्तीप्रमाणे बदलते. गर्भधारणेची तयारी करणाऱ्या आणि गरोदर स्त्रीला फॉलिक आम्ल आवश्यकच आहे. त्याने बाळाच्या मज्जारज्जूतील गंभीर दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ सालीच सिद्ध झाले आहे. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल किमान १८० दिवस देण्याची तरतूद आहे. ती गोळी फुकट मिळते म्हणून तिला कमी लेखू नये. पाच वर्षांखालील मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची मात्रा दिली जाते. काटेकोर शाकाहार घेणाऱ्यांना ब-१२, उन्हाचे दर्शन न होणाऱ्यांना ड, वार्धक्यात भूक मंदावलेल्यांना किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना एकाहून अधिक जीवनसत्त्वे लागू शकतात. रक्त तपासून आणि डॉक्टरांना विचारून ती घ्यावीत.

धडधाकट, सकस जेवण जेवणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. रोजच्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळीने हृदयविकार किंवा कर्करोग टळतो असे सांगण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ साली नमूद केले. ब आणि क ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. गरजेपेक्षा जास्त घेतलेली बहुतांशी लघवीवाटे निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर पैसेही जातात. अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी. ती शरीरात साठतात. गरोदरपणात अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला बाधतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन दिले असता त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढल्याचे १९९४ साली आढळले. गाजरातले द्रव्य गोळीत आले, की ते गाजरासारखेच वागेल असे धरून चालता येत नाही. गोळीतील मात्रा पाहूनच ती घ्यावी, आणि एकाच वेळी दोन-तीन बाटल्यांतील तेच ते जीवनसत्त्व पोटात जात नाही ना, हेही तपासावे.

ग्राहक म्हणून कमलाबाईंनी आग्रह धरला असता, तो येथेही लागू पडतो. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर ती औषधी उपयोगासाठी नाही, असे छापण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. ही बारीक अक्षरांतली ओळ मोठ्या अक्षरांतल्या जाहिरातीपेक्षा अधिक खरी असते. थकवा महिनोन् महिने टिकत असेल, तर त्याचे कारण मधुमेह, थायरॉइड किंवा रक्तक्षय असू शकते. अशा वेळी परस्पर घेतलेली शक्तिवर्धक गोळी निदान लांबवते, आणि खरे नुकसान तेथेच होते.

शिरूर-दौंडच्या मातीत पिकणारी बाजरी लोहयुक्त आहे. तिच्या भाकरीबरोबर मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथी किंवा चाकवताची भाजी, वर पिळलेले लिंबू आणि वाटीभर दही असेल, तर ते ताट पोषणाच्या कसोटीवर बरेचसे पूर्ण ठरते. लिंबातील क जीवनसत्त्व भाकरीतील लोह अंगी लावते; जेवणाबरोबर घेतलेला चहा तेच लोह अडवतो. अशी साधी, पण नेमकी माहिती लोकांच्या हाती असावी, यासाठीच कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशीपासून नीरेच्या मडक्यापर्यंतचा प्रवास केला. ज्या उणिवा ताटाने भरून निघत नाहीत, त्यांच्यासाठी गोळी आहे आणि ती विज्ञानाची मोठीच देणगी आहे. पण उणीव कोणती हे आधी शोधावे, आणि मग उपाय निवडावा, ही शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली. आरोग्याची काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याकडून एवढी एक गोष्ट घेतली, तरी त्यांचे स्मरण सार्थकी लागेल.